खुर्चीचं भाडं कोण भरतं? परदेशातल्या हॉटेलांच्या बिलामागचा हिशेब

तोक्यो किंवा ओसाकाच्या गल्लीबोळात संध्याकाळी इझाकाया उघडतात. दारू आणि सोबत चार चमचमीत पदार्थ मिळणारी ही छोटी हॉटेलं. तिथे बसल्या बसल्या हात पुसायला ओला नॅपकिन येतो आणि पाठोपाठ एक इवलीशी वाटी. कधी त्यात सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा असतात, कधी बटाट्याचं सॅलड, कधी समुद्री शेवाळाची भाजी. मेन्यू अजून हातातही आलेला नसतो. आपल्याकडच्या माणसाला वाटतं, काय अगत्य आहे! मग जेवण उरकतं, बिल येतं आणि त्यात त्या वाटीचे माणशी 300 ते 500 येन लावलेले असतात. चार जण असले तर न मागितलेल्या शेंगांचे दीड-दोन हजार येन.

टूरवरून परतलेल्या मंडळींच्या गप्पांत असे किस्से हमखास निघतात. इटलीत बसण्याचे पैसे घेतले, जर्मनीत पाण्याचे घेतले, अमेरिकेत टिप कमी दिली म्हणून वेटरने जाब विचारला, तर जपानमध्ये ठेवलेली टिप परत करायला वेटर रस्त्यापर्यंत धावत आला. ऐकणारा म्हणतो, परदेशात लुटतात बाबा. मला या निष्कर्षाचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक प्रसंगांत कुणी कुणाला लुटलेलं नसतं. हिशेब तोच असतो, फक्त तो बिलातल्या वेगळ्या ओळीत मांडलेला असतो.

हॉटेल आपल्याला दोन गोष्टी विकतं. एक, ताटातलं अन्न. दुसरी, ते खाण्यासाठी लागणारी जागा, वेळ आणि माणसं. खुर्ची, टेबल, दिवे, भाडं, भांडी घासणारा, वाढणारा, गल्ल्यावर बसणारा. हॉटेलच्या धंद्यात ढोबळमानाने असं धरतात की पदार्थाच्या किमतीतला साधारण एक तृतीयांश भाग कच्च्या मालाचा असतो. बाकीच्यातला मोठा वाटा ही दुसरी गोष्टच खाते. हा खर्च जगात कुठेही टळत नाही. तो कुणाच्या नावावर टाकायचा, हे मात्र प्रत्येक देशाने आपापल्या इतिहासातून आणि कायद्यातून वेगवेगळं ठरवलं आहे. पदार्थाच्या भावात मिसळायचा, माणशी वेगळा लावायचा, टक्केवारीने वर चढवायचा, की गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायचा?

जपानमधली ती वाटी हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. तोक्योकडे तिला ओतोशी म्हणतात, ओसाकाकडे त्सुकिदाशी. इझाकायात माणसं घाईने जेवून उठत नाहीत. एक बिअर, दोन पदार्थ, पुन्हा एक बिअर असं करत दोन-दोन तास बसतात. शिवाय जपानमध्ये टिप देण्याची पद्धतच नाही. मग त्या दोन तासांचं मोल वसूल कसं करायचं? तर माणशी ठरावीक रक्कम घ्यायची आणि तिच्या बदल्यात रिकाम्या हाताने न बसवता काहीतरी खायला द्यायचं. पहिलं पेय येईपर्यंत तोंडात टाकायला काहीतरी हवंच असतं, तेही होतं. चांगल्या इझाकायात ही वाटी त्या दिवशीच्या ताज्या बाजारातून बनते आणि नेहमीचे लोक ओतोशीच्या चवीवरून स्वयंपाकघराची पारख करतात. माणशी निदान एक पेय मागवावं अशीही तिथे अपेक्षा असते. ते दारूच असलं पाहिजे असं नाही, ऊलाँग चहा चालतो.

शाकाहारी माणसाने इथे जरा सावध राहायला हवं. वाटीतली भाजी दिसायला साधी असली तरी ती बहुतेक वेळा दाशीत शिजवलेली असते, आणि दाशी म्हणजे वाळवलेल्या माशाचा आणि समुद्री शेवाळाचा अर्क. काही मोठ्या साखळी हॉटेलांत बसण्याआधीच सांगितलं तर ओतोशी वगळतात. छोट्या, मालक स्वतः उभा असलेल्या ठिकाणी मात्र तो आग्रह धरू नये. तिथे ती वाटी नाकारणं म्हणजे जागेचे पैसे नाकारणं आहे. खायचं नसेल तर न खाता तिचे पैसे द्यावेत.

जपानने खुर्चीचा हिशेब करातही आणला आहे. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये तिथला उपभोग कर वाढून 10 टक्के झाला, पण खाद्यपदार्थ घरी नेले तर 8 टक्केच ठेवला. म्हणजे एकच डबा दुकानातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून खाल्ला तर 10 टक्के, पिशवीत घालून नेला तर 8. म्हणून काउंटरवर विचारतात, इथेच खाणार की घेऊन जाणार?

याच देशात याच्या अगदी उलट टोकाचा अनुभव रामेनच्या, म्हणजे गरम रश्श्यातल्या शेवयांच्या दुकानात येतो. दारातच एक मशिन उभं असतं, बटणांनी भरलेलं. आधी पैसे टाकायचे, मग बटण दाबायचं, खालून छोटं तिकीट पडतं. ते काउंटरवर ठेवायचं. पलीकडे उभा असलेला आचारी तिकीट बघतो, शेवया उकळत्या पाण्यात सोडतो आणि काही मिनिटांत वाफाळता वाडगा समोर येतो. आठ-दहा स्टुलांचं दुकान, त्यात एक किंवा दोनच माणसं राबणारी. पैशाला हात लावायचा नाही, त्यामुळे सारखे हात धुवायला नकोत, सुट्ट्यांचा घोळ नको आणि गल्ल्यावर वेगळा माणूस नको. लोक फुर्र करत शेवया ओढतात, दहा-पंधरा मिनिटांत वाडगा संपवतात, बरेच जण तो उचलून काउंटरच्या कठड्यावर ठेवतात आणि चालू लागतात. खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसणं इथे बरं दिसत नाही, कारण मागे भिंतीला टेकून पुढची माणसं उभी असतात. इथे खुर्चीचं भाडं लागत नाही, कारण खुर्ची आपण लगेच परत करतो.

पण मशिनलाही स्वतःचा खर्च असतो. 3 जुलै 2024 ला जपानने नव्या नोटा चलनात आणल्या, तेव्हा जुनी मशिन त्या ओळखेनात. मोठ्या कंपन्यांनी निभावून नेलं. वाडग्याचा भाव हजार येनच्या वर गेला तर गिऱ्हाईक तुटेल या धास्तीत असलेल्या एकेकट्या रामेनवाल्यांना मात्र मशिन बदलण्याचा खर्च चांगलाच जड गेला.

फिरत्या पट्ट्यावरची सुशीसुद्धा कमी माणसांत दुकान चालवण्याच्या याच गरजेतून आली. योशिआकी शिराइशी यांचं ओसाकाजवळ छोटं सुशीचं दुकान होतं आणि वाढायला माणसं पुरत नव्हती. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना कल्पना सुचली आणि 1958 मध्ये पट्ट्यावर ताटल्या फिरवणारं पहिलं दुकान सुरू झालं. वाढप्याचा पगार वाचला, सुशी सामान्य माणसाच्या खिशात आली. बिल करायलाही सोपं, ताटल्यांचे रंग पाहून मोजायच्या.

आता इटलीकडे येऊ. तिथे बिलाच्या वरच्याच ओळीत कोपेर्तो लिहिलेलं असतं, माणशी साधारण दीड ते तीन युरो. टेबलावर अंथरलेलं कापड, काटे-चमचे, पावाची टोपली आणि बसण्याची जागा या सगळ्याचे हे पैसे. पावाला हात लावला नाही तरी ते द्यावे लागतात. रोम ज्या लाझिओ प्रांतात येतं, तिथे 2006 च्या कायद्याने कोपेर्तो लावायला बंदी केली. खर्च काही त्यामुळे नाहीसा झाला नाही. तिथल्या अनेक बिलांवर आता पावाचे पैसे म्हणून ओळ दिसते. पाव नको असेल तर तो टेबलावर ठेवतानाच नम्रपणे परत द्यावा, हे रोममध्ये चालतं.

कॉफीच्या दुकानात तर हा हिशेब उघडा भिंतीवर टांगलेला असतो. काउंटरवर उभं राहून घेतलं तर एक भाव, टेबलावर बसून घेतलं तर दुसरा. इटालियन माणूस सकाळी उभ्याने दोन घोटांत एस्प्रेसो संपवतो आणि कामाला जातो. पर्यटक मात्र थकलेले पाय घेऊन खुर्चीत बसतो आणि तोच कप दुप्पट-तिप्पट किमतीला घेतो. व्हेनिसच्या सान मार्को चौकात 1720 पासून चालू असलेलं काफे फ्लोरियान आहे. तिथे बाहेर वाद्यवृंद वाजत असताना बसलं तर संगीताचे माणशी वेगळे पैसे बिलात येतात. मला यात गैर काही दिसत नाही. मेन्यूवर तसं छापलेलं असतं आणि त्या चौकातली ती खुर्ची खरोखरच कपातल्या कॉफीपेक्षा मोलाची आहे.

एकदा खुर्चीचे पैसे दिले की मात्र ती संध्याकाळपुरती आपली. इटलीत, फ्रान्समध्ये, स्पेनमध्ये वेटर आपणहून बिल आणत नाही. आपली माणसं अर्धा तास वाट बघतात आणि म्हणतात, काय ढिसाळ कारभार आहे. पण तिथे न मागता बिल पुढे करणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखं आहे. हात वर करून मागावं, लगेच आणतात.

पोर्तुगालमध्ये बसताच पाव, ऑलिव्ह, लोणी, चीजचा तुकडा, सार्डिन माशाचं वाटण असं बरंच काही टेबलावर येतं. त्याला कुव्हेर म्हणतात. खाल्लं त्याचे पैसे. तिथला कायदा स्पष्ट आहे: गिऱ्हाइकाने न मागितलेल्या आणि न उष्टावलेल्या गोष्टीचे पैसे लावता येत नाहीत. नको असेल तर हात न लावता बाजूला सारावं किंवा परत न्यायला सांगावं.

फ्रान्सने सगळ्यात सोपा मार्ग निवडला. 1987 पासून मेन्यूवर छापलेल्या भावात कर आणि सेवा दोन्ही धरलेले असलेच पाहिजेत. चाळीस युरो छापले असतील तर चाळीसच द्यायचे. मन खूश झालं तर दोन-चार नाणी ठेवावीत, नाही ठेवली तरी कुणी तोंड वाकडं करणार नाही. जेवणासोबत पाव फुकट आणि नळाचं पाणीही फुकट, फक्त ते नेमकं मागावं लागतं: ‘कराफ दो, सिल व्हू प्ले.’ नुसतं पाणी म्हटलं तर बाटली येते आणि बाटलीचे पैसे पडतात. पिण्याचं पाणी फुकट मिळेल हे मेन्यूवर लिहिणंही 2022 पासून तिथे बंधनकारक आहे. जर्मनीत असा नियम नाही. तिथे पाणी मागितलं की बाटली येते, तीही बऱ्याचदा सोड्याची. युरोपात हॉटेलची कमाई बरीचशी पेयांवर होते, हे ध्यानात घेतलं की ही बाटली समजते. वाइन नको, बिअर नको, एक सूप चौघांत वाटून आणि वर साधं पाणी अशी ऑर्डर दिली तर त्या टेबलाने हॉटेलला जवळपास काहीच मिळवून दिलेलं नसतं. वेटरचा चेहरा पडण्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी, कारण तिथे चूक झाली तर एका राबणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय येतो. यादवी युद्धानंतर युरोपात फिरून आलेल्या धनिकांनी टिपची पद्धत अमेरिकेत आणली. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या माणसांना हॉटेलांत आणि रेल्वेत नोकऱ्या मिळू लागल्या होत्या, पण मालक पगार नाममात्र देत आणि बाकीचं टिपांवर सोडत. पुलमन कंपनीच्या शयनयानांतले पोर्टर असेच टिपांवर जगत. ही पद्धत लोकशाहीला शोभत नाही असं तेव्हाही अनेकांचं म्हणणं होतं. वॉशिंग्टन राज्याने 1909 मध्ये टिपबंदीचा कायदा केला, आणखी काही राज्यांनी तो गिरवला, पण 1926 पर्यंत ते सगळे कायदे रद्द झाले. पुढे 1966 मध्ये हॉटेल कामगार किमान वेतनाच्या कायद्याखाली आले खरे, पण त्यातच टिपचे पैसे मालकाने पगारात धरावेत अशी सवलतही आली.

त्याचा आजचा अर्थ असा. केंद्रीय किमान वेतन तासाला 7.25 डॉलर आहे, 2009 पासून. टिप मिळणाऱ्या कामगाराला मात्र मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी कायद्याने चालतं, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. उरलेली रक्कम टिपमधून भरून निघाली पाहिजे, नाही निघाली तर फरक मालकाने भरायचा. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या सात राज्यांत ही सवलत नाही आणि इतर अनेक राज्यांत दर यापेक्षा जास्त आहे. पण सवय देशभर तीच आहे: टेबलावर येऊन वाढणाऱ्याला बिलाच्या 15 ते 20 टक्के. टिप हा तिथे पगाराचाच भाग आहे आणि तो द्यायची जबाबदारी गिऱ्हाइकावर टाकलेली आहे.

न्यू यॉर्कमध्ये दोघांनी मेन्यूप्रमाणे 40 डॉलरचं खाल्लं असं धरू. विक्रीकर 8.875 टक्के, म्हणजे 3 डॉलर 55 सेंट. टिप 20 टक्के, म्हणजे 8 डॉलर. हातातून जातात 51 डॉलर 55 सेंट. कार्ड घासल्यावर जी पावती सहीला येते तिच्यावर टिपची जागा कोरी असते. आकडा आपण लिहायचा, बेरीज आपण करायची, मग सही करायची. आठ-दहा जणांचा गट असेल तर टिप आधीच जोडलेली असू शकते, तेव्हा पावती आधी वाचावी, नाहीतर दोनदा दिली जाते. काउंटरवर कॉफी घेताना स्क्रीनवर टक्केवारीची बटणं पुढे येतात, तिथे मात्र ‘नको’ दाबायला हरकत नाही. शेवटचा घास संपायच्या आत अमेरिकेत बिल का येतं, तेही आता कळेल. टेबल मोकळं झालं की दुसरं गिऱ्हाईक बसतं, आणि वेटरची कमाई त्यावर असते.

ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. पण तिच्यावरचा राग वेटरवर काढणं त्याहून अन्यायाचं आहे. आणि ती बदलणंही सोपं नाही. न्यू यॉर्कचे नामवंत हॉटेलमालक डॅनी मेयर यांनी 2015 मध्ये आपल्या हॉटेलांतून टिप बंद करून भाव वाढवायला सुरुवात केली. शेजारच्या हॉटेलापेक्षा मेन्यू महाग दिसू लागला, कमाई घटलेले वेटर सोडून जाऊ लागले, आणि 2020 मध्ये त्यांनी टिप पुन्हा चालू केली. एकट्याने भाव खरा छापला की तोच महागडा ठरतो.

सिंगापूरमध्ये मेन्यूवरच्या किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं छापलेली असतात. पहिलं 10 टक्के सेवाशुल्काचं, दुसरं 9 टक्के जीएसटीचं, आणि तो सेवाशुल्कासकट लागतो. म्हणजे 100 डॉलरचे 110 आणि त्याचे 119 डॉलर 90 सेंट. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या सामायिक जागेत, हे सेवाशुल्क नाही, कारण तिथे सेवाही नाही. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवून जागा धरायची, स्वतः रांगेत उभं राहायचं, आणि 2021 पासून ताट स्वतः उचलून ठेवणंही सक्तीचं आहे.

या सगळ्यानंतर दक्षिण कोरियात बसलं की जीव सुखावतो. मुख्य पदार्थ मागवला की किमची, मोड आलेली कडधान्यं, पालकाची भाजी, मुळा असे लहान लहान वाट्यांत बानचान येतात आणि संपले की पुन्हा मिळतात, फुकट. आपल्या उडप्याकडच्या सांबार-चटणीसारखंच. टिप नाही, बसण्याचे पैसे नाहीत. हिशेब इथेही आहे, पण तो माणसांच्या संख्येत आहे: मांस भाजून खाण्याच्या हॉटेलांत बऱ्याचदा किमान दोघांची ऑर्डर लागते, कारण शेगडी आणि वाट्यांचा सगळा पसारा एकासाठीही तितकाच मांडावा लागतो. 2010 च्या पावसाळ्यानंतर तिथे कोबीचं पीक बुडालं आणि भाव भडकले. तेव्हा काही हॉटेलांनी किमचीचे वेगळे पैसे लावले, काहींनी कोबीऐवजी मुळ्याची किमची ठेवली. फुकटच्या वाटीचा खर्च कुठून निघत होता, ते त्या एका मोसमात सगळ्यांना दिसलं.

आता राहिला खरा प्रश्न: लबाडी कुठली आणि पद्धत कुठली, हे ओळखायचं कसं? मेन्यू कार्डाची सगळ्यात खालची बारीक ओळ आधी वाचावी. कोपेर्तो, सेवाशुल्क, टेबलाचे पैसे तिथे छापलेले असतील तर ती पद्धत. छापलेलं नसताना बिलात आलं तर विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. लंडनमध्ये बिलात 12.5 टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेलं दिसतं, पण शेजारी ‘ऐच्छिक’ असं लिहिलेलं असतं. ते काढायला सांगता येतं. मात्र 1 ऑक्टोबर 2024 पासून तिथल्या कायद्याने ते पैसे कामगारांनाच पूर्ण द्यावे लागतात, मालकाला ठेवता येत नाहीत. म्हणून सेवा चांगली मिळाली असेल तर मी ते काढू नये असंच म्हणेन.

आणि परत आल्यावर इथल्या बिलाकडेही त्याच नजरेने बघावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की हॉटेलांनी सेवाशुल्क आपोआप बिलात जोडू नये, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते नियम उचलून धरले. मुंबई-पुण्यातल्या बिलात न विचारता सेवाशुल्क आलं तर ते काढून द्यायला मालकाला सांगावं, आणि ज्याने आपल्याला वाढलं त्याच्या हातात टिप रोख द्यावी.